अण्णा, त्या सहा ओळींबद्दल

अण्णा, तुमचं कपाट रिकामं करायला मी रविवारची सकाळ राखून ठेवली होती. यादीत ते अकराव्या क्रमांकावर होतं. आधीचे दहा सगळे कागदांचे: मृत्यूचा दाखला, विमा, तिकडे भारतात पेन्शनच्या कचेरीला कळवणं, असंच सगळं. तुमच्या मुलाला, मिलिंदला, तुमचे कपडे हाताळवेनात, तुमची नात मैत्री खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला बरंच वाटलं. हाताला काम असलं की माझं डोकं ताळ्यावर राहतं, हे या घरात तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तीन ढीग केले. ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. हेल्मुटनं दिलेलं ते हिरवं शिकारी जाकीट द्यायच्या ढिगावर ठेवताना जड लागलं. त्याच्या पाठीला आतून एक मोठा खिसा आहे. शिकारी लोक त्यात मारलेला ससा ठेवतात, असं हेल्मुटनं सांगितल्यावर तुम्ही तीन दिवस ते अंगाला लावलं नव्हतं. त्या खिशात हात घातला तर उलथणं निघालं.

आपलं उलथणं, अण्णा. लोखंडी, लांब दांड्याचं, आईंचं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात दिलेलं. ते मागच्या जुलैत हरवलं होतं. ते शोधण्यात मी एक अख्खा शनिवार घालवला. शेवटी जेवायला आलेल्या पाटीलबाईंच्या डब्यांबरोबर गेलं असणार असा निष्कर्ष काढला, नवं मागवलं आणि त्या बिचारीशी दोन महिने तुटक वागले. तुम्ही तेव्हा समोर बसून चहा पीत होतात.

उलथण्याची कड एका बाजूनं झिजून तिरपी झाली होती. दांडा जिथे पात्याला मिळतो तिथे पिवळी माती वाळून घट्ट बसली होती. ती माती मी ओळखते. ती स्वयंपाकघरात कुठे नसते. ती टेकडीवर असते, त्या जंगलाच्या कडेच्या पट्ट्यात.

मी तीन ढिगांच्या मधोमध बसले आणि मागच्या उन्हाळ्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागले.

पण त्या उन्हाळ्याआधी तुमची आणि हेल्मुटची पहिली भेट. आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात, त्याच वर्षीचा मे महिना. तुम्ही रोज फिरायला टेकडीवर जात होतात. एक दिवस दारात चिखलानं माखलेली जीप थांबली, त्यातून तुम्ही उतरलात आणि पाठोपाठ एक उंच, लाल कानांचा म्हातारा. मला जर्मनमध्ये म्हणाला, "आल्झो, म्हणजे हे तुमचे वडील का?"

"सासरे. काय झालं?"

"हे माझ्या शेतात उकिडवे बसले होते. मी विचारलं काय हवंय, तर ढेकूळ उचलून माझ्या नाकासमोर धरलं आणि मान हलवली. माझ्या मते त्यांचं म्हणणं आहे की माझं शेत चुकलंय."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "बी फार दाट टाकलंय त्यांनी. पाऊस लांबला तर सगळे एकमेकांचं पाणी पिऊन मरतील. सांगा त्यांना. नीट शब्दांत सांगा."

मी नीट शब्दांत सांगितलं. हेल्मुट म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. मागच्या वर्षी तेच झालं." मग त्यानं चहा घेतला, आणि जाताना तुमच्याकडून जयभीम म्हणायला शिकून गेला. तो चार वर्षं तेच म्हणत आला, आणि त्या दिवशी दफनभूमीतही, टोपी काढून.

त्याचं ते शेत म्हणजे विकायचं पीक नव्हे, हे मला तेव्हा कळलं. गावाभोवतीच्या हद्दीतला शिकारीचा हक्क हेल्मुटकडे भाड्यानं आहे आणि त्या हद्दीतल्या प्राण्यांनी कुणाचं पीक खाल्लं तर जबाबही त्यालाच द्यावा लागतो. म्हणून जंगलाच्या कडेला एक पट्टा फक्त प्राण्यांसाठी पेरायचा, विल्डआकर म्हणतात त्याला. हरणं, ससे, तितर तिथेच थांबावेत, खाली द्राक्षांकडे आणि बीटाकडे उतरू नयेत, मुख्य म्हणजे त्यांनी रस्ता ओलांडू नये. कोरड्या उन्हाळ्यात जंगलातलं गवत पिवळं पडतं आणि हरणं पाल्यातल्या ओलाव्यासाठी द्राक्षाच्या कोवळ्या वेलींवर येतात. नेमका तेव्हाच तो पट्टाही करपलेला असतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात खालच्या वळणावर दोन हरणं गाडीखाली आली होती.

तुम्ही मला म्हणालात, "म्हणजे हे हरणांचं अन्नछत्र. मग ते उन्हाळ्यातच बंद ठेवून कसं चालेल?"

तुमचं सगळं आयुष्य कोरडवाहू संशोधन केंद्रात गेलं होतं. तुमच्या अंगाखांद्यावर ऊन आणि हातात तण काढायचं कोळपं, साहेब लोक बदलत राहिले. निवृत्त झालात तेव्हा तुम्हाला वाटलं होतं की आता ते ज्ञान कुणाच्या कामाचं नाही. इकडे तर अजिबातच नाही. मोटारींच्या गावात कोरडवाहू शेती कोण विचारतं? आणि इथे एक म्हातारा जर्मन तुमच्यासमोर वही उघडून बसला. तुम्ही मराठीत बोलायचात, तो जर्मनमध्ये, मधे मी किंवा मैत्री असली तर ठीक, नसली तरी अडायचं नाही.

तुम्ही त्याला ओळी एकमेकींपासून लांब घ्यायला लावल्या. हातभर अंतर. हेल्मुटला ते शेत टकलासारखं दिसायला लागलं, तसं तो म्हणालाही. बियाण्याच्या दुकानदारानं ज्वारीच्या जातीचं चाऱ्याचं गवत सुचवलं, तेव्हा तुम्ही ठाम नाही म्हणालात, कारण पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी जनावराला बाधते. त्याऐवजी बाजरी, आणि बाजरीच्या ओळींमध्ये मटकी, जमिनीवर पसरून सावली धरायला. बाजरी दुकानदाराकडून आली. मटकी मात्र आपल्या इंडियन दुकानातली, उसळीची. तुम्ही शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले, तिसऱ्या दिवशी मोड मोजले, हेल्मुटला आकडा सांगितला आणि तपासलेल्या मालाची रात्री आपण उसळ खाल्ली. मैत्री म्हणाली, हे जगातलं एकमेव संशोधन आहे ज्याच्यावर कांदा घालता येतो. जर्मनमध्येच म्हणाली, पण तुम्हाला कळलं, आणि तुम्ही पुढची दोन वर्षं ते सगळ्यांना सांगितलंत.

मग सायकल कोळपं. माझ्या किराणा यादीच्या मागे तुम्ही त्याचं चित्र काढलंत: सायकलचं पुढचं चाक, हँडल आणि चाकामागे आडवं पातं. हेल्मुटनं गॅरेजमध्ये जुनी सायकल कापून ते जोडलं. ते ढकलत तुम्ही ओळीतून चालायला लागलात आणि मागे माती भुग्यासारखी पडत गेली. मला त्याचा अर्थ विचारायची गरज वाटली नव्हती. तण काढताय, एवढंच मला दिसलं. तुम्हीच थांबून सांगितलंत. "तण हे निमित्त, मॅडम. भेग पडली की खिडकी उघडी राहिल्यासारखं, खालची ओल निघून जाते. वर भुगा केला की पांघरूण बसतं." हेल्मुट म्हणाला, त्याची आजी भाजीच्या वाफ्यात हेच करायची, ट्रॅक्टर आल्यावर सगळे विसरले.

मॅडम. लग्नानंतर वर्षभर तुम्ही मला सूनबाई म्हणत होतात. मग माझ्या याद्या बघितल्यात आणि मॅडम म्हणायला लागलात. सकाळी स्वयंपाकघरात येऊन फ्रिजवरची यादी बघायचात आणि विचारायचात, "काय मॅडम, आज माझा नंबर कितवा?" बीपीची गोळी तिसरी, डॉक्टर सातवे, केस कापणं नववं. तुम्ही कुठेतरी असायचातच.

आणि आता मागचा उन्हाळा.

मेच्या शेवटी पेरलं, उगवण चांगली झाली, आणि पाऊस थांबला. जूनच्या मध्यावर तुम्ही भर दुपारी कोळपं घेऊन वर गेलात, कारण भेगा दिसायला लागल्या होत्या आणि तुम्हाला दम निघेना. हेल्मुटला तुम्ही ओळीत खाली बसलेले सापडलात. चक्कर आली होती. त्यानं तुम्हाला जीपमधून आणलं, तेव्हा मी ऑफिसातून धावत आले. तुम्ही सोफ्यावर ताक पीत होतात आणि म्हणालात, "थोडं ऊन लागलं. सोलापूरकडच्या माणसाला जर्मनीत ऊन लागलं, कुणाला सांगू नका, अब्रू जाईल."

मला हसू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाला हे झेपणार नाही. मी त्या रात्रीच नवी यादी केली. फिरणं सकाळी आठच्या आत. दुपारी घरात. कोळपणी बंद. आणि सायकल कोळपं तळघरात नेऊन, सायकलींच्या जागी, आकड्यांचं कुलूप घातलं.

आपलं ते भांडण झालं, आठवतं? भांडण म्हणायचं म्हणजे मीच बोलत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "कोळपलं नाही तर ते जाणार."

मी म्हणाले, "मी पाणी घालीन. त्याची व्यवस्था करते."

"वरनं पाणी घालून मुळांना लाडावू नका, मॅडम. मुळं आळशी होतात. वर वर फिरतात. आणि ही माती पाणी पडलं की पापडी धरते."

"अण्णा, मला झाडं वाचवायची नाहीत, मला तुम्ही हवे आहात."

मी ते वाक्य भांडण जिंकायला म्हटलं होतं. खरं होतं, पण म्हटलं जिंकायला.

मग मी व्यवस्था केली. ओढ्यातून पाणी उपसायला जिल्ह्याच्या कार्यालयानं बंदी घातली होती, म्हणून घरचं पाणी. तांदूळ-भाजी धुतलेलं, छपरावरच्या पिंपात उरलेलं, शेवटी नळाचं. वीस लिटरचे कॅन, हेल्मुटची ट्रॉली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसात. संपूर्ण पट्ट्याला पुरणं शक्य नव्हतं. रस्त्याच्या बाजूच्या आठ ओळी मी निवडल्या, मिलिंद आणि मैत्रीला पाळ्या लावून दिल्या. प्रत्येक ओळीला किती कॅन, ते वहीत लिहिलं. माझं पोटच त्याच्यावर आहे, अण्णा. गाडीचा एखादा भाग तुटून परत येतो तेव्हा तो का तुटला, याचं खरं कारण शोधायचं. दिसतं ते कारण लिहून मोकळं व्हायचं नाही. हेच मी नव्या मुलांना शिकवते.

ऑगस्टमध्ये आजूबाजूचं सगळं पिवळं झालं होतं. पट्ट्याचा वरचा भाग करपून गेला. आणि रस्त्याच्या बाजूला सहा ओळी उभ्या होत्या. बाजरी छातीपर्यंत, खाली मटकी हिरवीगार. हेल्मुटनं आपल्याला पहाटे त्याच्या लाकडी मचाणावर नेलं. तुम्हाला शिडी चढवायला मी मागे आणि तो पुढे. एक हरणी आणि तिची दोन पिल्लं मटकीचा पाला खात होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. तुम्ही दुर्बीण डोळ्यावरून काढलीच नाहीत. मी वहीत लिहीत होते. आठ ओळींना पाणी, सहा वाचल्या. कारण: नियमित पाणी. सातवी आणि आठवी गेली, कारण: जवळच्या ओकच्या झाडाच्या मुळांनी पाणी ओढलं असावं. 'असावं' हा शब्द आमच्या ऑफिसात मी खोडायला लावते.

त्या महिन्यात द्राक्षवाल्यांची तक्रार आली नाही, आणि वळणावर एकही हरीण गाडीखाली आलं नाही. पुढच्या रविवारी आपल्याकडे सगळे जेवायला जमले तेव्हा मी ही गोष्ट रंगवून सांगितली. फोनवर फोटो दाखवले. शेवटी म्हणाले, "अण्णांचं म्हणणं होतं पाणी नको, कोळपा. विचारा आता त्यांना." सगळे हसले. तुम्ही ताटातली भाकरी मोडत म्हणालात, "बरोबर आहे मॅडमचं. पाण्यानं वाचलं."

तुमच्या पँटच्या गुडघ्यांवर त्या दोन महिन्यांत पिवळे डाग होते. माझ्या यादीत ते आहेत. 'गुडघे, नवा साबण आणणे.' तुम्हाला विचारलं, तर म्हणालात गवतात बसतो जरा. मी साबण आणला.

कपाट काढलं त्याच रविवारी मी उलथणं घेऊन सरळ हेल्मुटकडे गेले. तो अंगणात पक्ष्यांचं पाणी बदलत होता. मी ते समोर धरलं, त्या पहिल्या दिवशी तुम्ही ढेकूळ धरलं होतं तसं. त्यानं भांडं खाली ठेवलं.

"हो," तो म्हणाला. "सापडलं तर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी पहाटे मचाणावर असतो. सहाला ते यायचे. आधी हात जोडून उभे राहायचे, मग गुडघ्यावर बसायचे. एका सकाळी दीड ओळ. सातला उठून चालायला लागायचे. मी दुर्बिणीतून बघायचो, की पडत तर नाहीत ना."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं." मग तो म्हणाला, "तुम्ही आदल्या संध्याकाळी पाणी घालायचात, त्यावर पापडी यायची. ते ती फोडायचे. शेवटच्या दोन ओळींपर्यंत त्यांचे गुडघे पोचत नव्हते. मी एकदा म्हटलं, मी करतो. त्यांनी नाही म्हटलं, माझा हात धरून मला जीपकडे आणून सोडलं."

म्हणजे ओकची मुळं नव्हती, अण्णा. सातव्या आणि आठव्या ओळीला पाणी तेवढंच मिळालं होतं. वहीत कॅन लिहिलेले आहेत. फरक फक्त गुडघ्यांचा होता.

घरी आले, उलथणं टेबलावर ठेवलं. मैत्री फोन बघत होती. नजर वर करून जर्मनमध्ये म्हणाली, "ते मला माहीत होतं. बाहेरच्या नळावर धुताना बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं खांदे उडवले. आणि मग, अण्णा, पंधरा वर्षं जी मला 'हो' सुद्धा जर्मनमधलं 'या' म्हणत आली, ती मराठीत, अगदी तुमच्या सुरात, मान तशीच कलती करून म्हणाली, "मॅडम म्हणल्या कोळपं न्यायचं नाही. उलथण्याचं काही बोलल्या नव्हत्या."

आम्ही दोघी हसलो. मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले.

कुलपाचा आकडाही तुम्हाला माहीत होता. घरातल्या सगळ्या गोष्टींना तोच आकडा आहे, वायफायपासून बॅगांपर्यंत, तुम्ही मला त्यावरून बोलला होतात. कोळपं तुम्ही कधीही काढू शकला असतात. उभं राहून, पाठ न मोडता काम झालं असतं. नाही काढलंत. मी घातलेलं कुलूप तुम्ही पाळलंत, आणि त्याच्या बाजूनं गुडघ्यावर गेलात. मी त्या वेळी घाबरून चुकीचं केलं, असं मला अजूनही वाटत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. पण मी तुम्हाला विचारलं नाही. सकाळी सहाला, गारव्यात, रोज एक तास, मी बरोबर येते, असं म्हणता आलं असतं. तो पर्याय माझ्या यादीत आलाच नाही. तुम्ही तो एकट्यानं काढलात. आणि श्रेय मला दिलंत, जेवायला जमलेल्या सगळ्यांसमोर, कारण मी इतकी खूश होते.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "पेरणीचं काय?"

मी म्हणाले, "यादीत आहे."

"कितवी?"

"खाली आहे अण्णा. वर तुम्ही आहात."

तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "मला खाली घ्या. पेरणी वर घ्या. मे काही थांबत नाही."

मी उशी नीट केली आणि नर्सला सलाईनचं विचारायला गेले.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतरच्या शनिवारी आम्ही पेरलं. हातभर अंतर सोडून, दोरी लावून. हेल्मुटनं दुकानदाराकडून बाजरी आणली, मी दुकानातून मटकी. शंभर दाणे फडक्यात बांधले. ब्याण्णव उगवले. उसळ मिलिंदनं केली, तिखट झाली, पण सगळ्यांनी खाल्ली. पाटीलबाईही होत्या. उलथण्याची सगळी हकीकत त्यांना सांगून मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं तू कशावरून तरी चिडलीयेस. मी आपली मसाला आणायचा विसरले म्हणून असेल समजत होते." तुम्ही असतात तर हे आणखी दोन वर्षं सांगत फिरला असतात.

तुमच्या जागेवर, दफनभूमीत, छोटी झाडं लावली आहेत. इथे त्यांना रोज पाणी घालायची पद्धत आहे, झाऱ्या टांगलेल्या असतात. शेजारच्या जागेवरच्या आजी मला म्हणाल्या, या उन्हात दोनदा घालावं लागेल, बरं का. मी पहिले दोन दिवस मुकाट्यानं घातलं. तिसऱ्या दिवशी वर पापडी आली होती, मधून बारीक भेग. मी पिशवीतून उलथणं काढलं आणि फोडली. आजी बघत होत्या. काल बघते तर त्यांच्या जागेवरची मातीही उकरलेली होती, बहुतेक काट्याचमच्यानं.

गेले तीन आठवडे पाऊस नाही. बाजरी बोटभर आहे. काल संध्याकाळी मी मागच्या वर्षाची वही काढली. आमच्या कामात चुकीची नोंद फाडायची नसते आणि पांढरी शाईही लावायची नसते. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, शेजारी खरं लिहायचं, तारीख घालायची आणि सही करायची. 'नियमित पाणी' यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं: पाणी, आणि रोज सकाळी कोळपणी. साधन उलथणं. केली अण्णांनी. 'ओकची मुळं' यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं: गुडघे. अशा दुरुस्तीला दुसऱ्या माणसाची सही लागते, म्हणून मैत्रीला बोलावलं. तिनं सगळं वाचलं, वेळ लावून, एकेक अक्षर, आणि सही केली.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. पाणी अजिबात न घालता, नुसत्या कोळपणीवर भागलं असतं का? तुम्ही म्हणायचात, हो. मला अजून पटलेलं नाही. त्या सहा ओळींना दोन्ही मिळालं होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. म्हणून या वर्षी डावीकडच्या चार ओळी कोळपणी आणि पाणी, उजवीकडच्या चार फक्त कोळपणी. बाकीच्या पट्ट्यात हेल्मुट कोळपं फिरवणार आहे. कुलूप काढलंय. तुमचं बरोबर निघालं तर तसं लिहीन. माझं निघालं तरी लिहीन.

उद्याची यादी फ्रिजवर लावली आहे. सकाळी सहा, टेकडी, पहिली कोळपणी, मी आणि मैत्री. क्रमांक एक.